नाडीस्वेदनातील बाष्पमात्रा : घरच्या साहित्यातून बाष्पमापकाची रचना

मात्रेचा विचार केल्यावाचून वैद्य औषध देत नाही. चूर्ण किती ग्रॅम, क्वाथ किती मिलिलिटर, स्नेह किती दिवस, हे सारे रुग्णपत्रिकेवर लिहिले जाते. स्वेदनाच्या बाबतीत मात्र आपली नोंद बहुधा ‘नाडीस्वेद, दहा मिनिटे’ एवढ्यावर थांबते. या दहा मिनिटांत रुग्णाच्या अंगावर वाफ किती गेली, कालच्याएवढीच गेली की दुप्पट, याचे उत्तर ना वैद्याजवळ असते ना परिचारकाजवळ. शेगडी मोठी की मंद, पात्रात पाणी किती, नळी किती लांब, यांवर वाफेचे प्रमाण बदलत राहते आणि आपण केवळ ‘वाफ चांगली येते आहे’ या शब्दांवर विसंबून राहतो.

मुरबे येथे आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत सातपाटी-मुरबे किनाऱ्यावरील मच्छीमार बांधव व भगिनी आणि तारापूर औद्योगिक वसाहतीत उभ्याने काम करणारे कामगार यांचा भरणा अधिक असतो. जाळी ओढून आखडलेले खांदे, टोपल्या वाहून ताठरलेली मान, कटिशूल आणि संधिवात या तक्रारींसाठी स्नेहनोत्तर नाडीस्वेद हा नित्याचा उपक्रम आहे. अशा नित्याच्या उपक्रमालाच मापनाची गरज सर्वांत जास्त असते, कारण सवयीमुळे त्याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात, कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या साहित्यातून तयार होणाऱ्या बाष्पमापकाची रचना, त्याचे अंशांकन आणि त्याच्या वाचनाचा अर्थ आम्ही क्रमाने मांडत आहोत. शेवटी औषधनिर्माणशाळेतील क्वाथपात्राचाही विचार केला आहे.

चरकोक्त नाडी आणि आजची नळी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील नाडीस्वेदाचे वर्णन आजच्या दृष्टीनेही विलक्षण काटेकोर आहे. नाडी एक व्याम किंवा अर्धा व्याम लांब असावी, तिचा घेर मुळाशी व्यामाच्या चतुर्थांशाइतका व अग्राशी अष्टमांशाइतका असावा आणि ती दोन किंवा तीन ठिकाणी वाकविलेली असावी, असे तेथे म्हटले आहे. याचे कारणही आचार्यांनी दिले आहे. सरळ न जाणाऱ्या वाफेचा प्रचंड वेग मोडतो आणि ती त्वचेला न जाळता सुखाने स्वेदन करते.

आता थोडे गणित करून पाहू. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर म्हणजे व्याम. ते १७० सेंटिमीटर धरल्यास नाडीच्या अग्राचा घेर सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे व्यास पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास येतो. त्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर होते. आपण कुकरला जी नळी जोडतो तिचा आतील व्यास १२ मिलिमीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ केवळ १.१३ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे आचार्यांच्या नाडीचे तोंड आपल्या नळीच्या तोंडाच्या सुमारे बत्तीसपट मोठे होते.

याचा परिणाम पाहा. एक ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सिअसला सुमारे १.६७ लिटर वाफ होते. मिनिटाला २० ग्रॅम पाण्याची वाफ होत असेल, तर दर सेकंदाला साधारण ५५७ घन सेंटिमीटर वाफ बाहेर पडते. चरकोक्त नाडीतून ही वाफ सेकंदाला जेमतेम १५ सेंटिमीटर वेगाने निघेल. आजच्या नळीतून तीच वाफ सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने रुग्णाच्या त्वचेवर आदळते. ‘चंडवेग’ म्हणून आचार्यांनी जो टाळायला सांगितला, तो आपण सोयीच्या नळीमुळे पुन्हा आणला आहे. यास्तव वाफ मोजण्याबरोबरच नळीच्या शेवटी पावणेसात-सात सेंटिमीटर तोंडाचे स्टीलचे नरसाळे उलटे बसवावे आणि त्याच्या गळ्याशी मोठ्या छिद्रांची जाळी ठेवावी, म्हणजे झोत फुटून वाफ पसरते. नळीला दोन बाक द्यावेत, मात्र ती कोठेही दुमडू देऊ नये.

वाफ किती भाजते

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक का बसतो, हे परिचारकाला एकदा समजावून सांगावे. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम त्वचेवर पडून ४० अंशांपर्यंत निवतो तेव्हा तो सुमारे ६० कॅलरी उष्णता देतो. एक ग्रॅम वाफ त्वचेवर थिजली तर आधी ५४० कॅलरी देते, आणि मग त्या पाण्याच्या ६० कॅलरी वेगळ्या. एकूण ६०० कॅलरी, म्हणजे दसपट. नळीच्या तोंडापासून दूर गेल्यावर वाफेत हवा मिसळते व तिची उष्णता झपाट्याने उतरते. म्हणूनच अंतर हा स्वेदनातील दुसरा महत्त्वाचा घटक ठरतो. त्वचेचे तापमान साधारण ४४ अंशांच्या आसपास गेले की वेदना जाणवू लागते आणि ६० अंशांना खोलवर भाजण्यास काही सेकंद पुरतात.

वेदना हाच आपला इशारा असल्याने आपण रुग्णाला ‘चटका बसतो का?’ असे विचारत राहतो. परंतु मधुमेही रुग्णाच्या हातापायांची संवेदना मंदावलेली असेल, तर या प्रश्नाच्या उत्तराला काही मोल उरत नाही. चरकाचार्यांनी अस्वेद्यांच्या गणनेत गर्भिणी, रक्तपित्ती, कामली यांच्यासमवेत मधुमेहीचाही निर्देश केला आहे, हे येथे आवर्जून स्मरावे. खांदा आखडण्याचा विकार मधुमेहींत अधिक आढळतो. त्यामुळे स्वेदनासाठी येणाऱ्यांत निदान न झालेला मधुमेही असण्याचा संभव नेहमीच राहतो. स्वेदनापूर्वी प्रमेहाचा इतिहास विचारणे, शंका आल्यास रक्तशर्करा तपासणे आणि स्पर्शज्ञान पाहणे ही पहिली पायरी आहे. वाफेचे मापन ही दुसरी पायरी असून ती पहिलीची जागा घेऊ शकत नाही.

साधनाविना अंदाज

आपल्या घरांतील सुगरणींजवळ बाष्पमापक पूर्वीपासून आहे. मोदकपात्राच्या तळाशी टाकलेले नाणे खुळखुळत असते तोवर पाणी उकळते आहे असे समजायचे, आणि ते गप्प झाले की पाणी आटले किंवा आच गेली असे ओळखायचे. ही खूण वाफ आहे की नाही एवढेच सांगते. ती किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी एक सोपे गणित आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या वैद्यक व रसायनशास्त्राच्या अध्यापकाने १७६० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. स्थिर आचेवर पाणी उकळू लागण्यास किती वेळ लागतो आणि तेच पाणी पूर्ण आटण्यास किती वेळ लागतो, यांची त्याने तुलना केली. त्यातून वाफेत दडलेल्या उष्णतेचे, म्हणजे गुप्त उष्णतेचे मान त्याला मिळाले. आपण तेच गणित उलट्या बाजूने वापरू शकतो. आपल्याकडील पाणी २८ अंशांवरून १०० अंशांवर येण्यास ग्रॅममागे ७२ कॅलरी लागतात. वाफ होण्यास ५४० लागतात, म्हणजे साडेसातपट. यास्तव जे पाणी १२ मिनिटांत उकळते ते त्याच आचेवर पूर्ण आटण्यास ९० मिनिटे घेईल.

उदाहरणार्थ, दोन लिटर पाणी शेगडीवर ठेवल्यापासून १२ मिनिटांत उकळी फुटली, तर त्या आचेवर मिनिटाला २००० भागिले ९०, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम वाफ होईल. पात्र तापण्यात व हवेत जाणारी उष्णता यात धरलेली नसल्याने हा अंदाज ढोबळ आहे, परंतु घड्याळाखेरीज काहीही न लागणारा आहे. विजेची शेगडी असल्यास तो याहून सोपा होतो. एक हजार वॉटची सर्व उष्णता पाण्यास मिळाली तरी मिनिटाला २६ ते २७ ग्रॅमपेक्षा अधिक वाफ होऊच शकत नाही. यंत्र विकणाऱ्याने याहून मोठा आकडा सांगितल्यास तो निःशंकपणे नाकारावा.

मापकाचे तत्त्व

वाहत्या द्रवाच्या किंवा वायूच्या वाटेत अरुंद छिद्र ठेवले की छिद्राच्या अलीकडे दाब वाढतो. प्रवाह जितका मोठा, तितका हा दाब अधिक. तो मोजला की प्रवाह कळतो. मुरबेपासून जवळच असलेल्या तारापूर अणुविद्युत केंद्रातील १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. तशा केंद्रांतील किंवा साध्या बॉयलरच्या वाफवाहिन्यांतील प्रवाह मोजण्याचे तत्त्वही प्रायः हेच असते. वाट अरुंद करायची आणि दाबातील फरक वाचायचा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाफ दुप्पट झाली की पाण्याचा स्तंभ चौपट चढतो, तिप्पट झाली की नऊपट. म्हणून मापकाच्या पट्टीवरील खुणा समान अंतरावर येत नाहीत. त्या खाली दाट व वर विरळ असतात.

साहित्य व जोडणी

लागणारे साहित्य असे : सुमारे १२ मिलिमीटर आतील व्यासाची पितळी टी, एक मिलिमीटर जाड स्टीलच्या पत्र्याची चकती, जिच्या मध्यभागी सहा मिलिमीटरचे छिद्र ड्रिलने पाडून कडेचे बुरे घासून काढले आहेत, त्याच व्यासाची सव्वा मीटर सिलिकॉन नळी, गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी, दोन मीटर, अर्धा मीटर लांबीची लाकडी फळी, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, नळ्या घट्ट बसविण्याच्या क्लिपा, खाण्याच्या रंगाने रंगविलेले थोडे पाणी. याखेरीज किराणा दुकानात असतो तसा दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि घड्याळ अंशांकनाच्या दिवशी हवे.

पात्राच्या वाफेच्या तोंडाला टी जोडावी. टीच्या एका फाट्यावर छिद्राची चकती बसवून पुढे सिलिकॉन नळी न्यावी. ही रुग्णाकडे जाणारी वाट. दुसऱ्या फाट्याला लेव्हलची पारदर्शक नळी जोडावी. ही नळी टीपासून आधी सरळ वर, निदान ३० सेंटिमीटर न्यावी आणि मग खाली आणून फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बसवावी. यूच्या दोन्ही भुजा ३० सेंटिमीटर उंच ठेवाव्यात आणि त्यांत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. यूचे दुसरे टोक उघडे ठेवून जमिनीवरील बादलीत सोडावे.

नळी आधी वर नेण्यामागे कारण आहे. हा फाटा पुढे पाण्याने बंद असल्याने त्यात हवा अडकून राहते आणि वाफ आत शिरत नाही. जी थोडी वाफ थिजते तिचे पाणी उतारावरून परत पात्राकडे जाते. त्यामुळे पारदर्शक नळी थंड राहते. अन्यथा वाफेने ती मऊ पडून वाकते. पाणी थोडे वाढले तरी बिघडत नाही, कारण आपण दोन्ही भुजांतील पातळ्यांचा फरक वाचतो, एका भुजेची उंची नव्हे.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. टीतील दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाहून अधिक झाला, तर रंगीत पाणी बादलीत फेकले जाते आणि वाफेला मोकळी वाट मिळते. ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला केवळ ०.०३ किलो दाब. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये हाच दाब सुमारे एक किलो असतो. तो पाण्याचा स्तंभ दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराइतका उचलू शकतो. यावरून शिट्टीच्या दाबावर नाडीस्वेद का करू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सहा मिलिमीटर छिद्रासाठी गणिताने येणारी स्तंभाची उंची साधारण अशी आहे :

मिनिटाला १० ग्रॅम वाफ : ८ मिलिमीटर
मिनिटाला १५ ग्रॅम : १८ मिलिमीटर
मिनिटाला २० ग्रॅम : ३२ मिलिमीटर
मिनिटाला २५ ग्रॅम : ५० मिलिमीटर
मिनिटाला ३० ग्रॅम : ७२ मिलिमीटर

हे आकडे केवळ दिशादर्शक आहेत. छिद्राची कड, नळीची लांबी, तिचे बाक व नरसाळे यांनी ते बदलतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या साधनाचे अंशांकन स्वतः करावे.

अंशांकन

तापलेले पात्र वजनकाट्यावर ठेवणे धोक्याचे आणि काट्यास अपायकारक असते. त्याची गरज पडू नये म्हणून पुढील पद्धती वापरावी.

पात्रात तीन लिटर साधे पाणी घ्यावे व सर्व जोडणीसह थंड असतानाच वजन करावे. आच एका ठरावीक खुणेवर ठेवून उकळी आणावी. वाफ अखंड येऊ लागल्यापासून १० मिनिटांनी आच बंद करावी, पात्र पूर्ण निवू द्यावे आणि पुन्हा वजन करावे. दुसऱ्या वेळी तेवढेच पाणी, तीच आच, परंतु काळ २५ मिनिटांचा ठेवावा. उकळी येण्यापूर्वी आणि आच बंद केल्यानंतर जी वाफ जाते ती दोन्ही वेळा सारखीच असते. वजाबाकीत ती निघून जाते.

समजा, पहिल्या वेळी घट २३० ग्रॅम आली व दुसऱ्या वेळी ५४५ ग्रॅम. फरक ३१५ ग्रॅम आणि काळाचा फरक १५ मिनिटे. म्हणजे वाफ मिनिटाला २१ ग्रॅम. त्या वेळी स्तंभाचा फरक ३५ मिलिमीटर असेल, तर २१ चा वर्ग ४४१, भागिले ३५, उत्तर १२.६. हा त्या साधनाचा स्थिरांक झाला. पुढे कोणत्याही उंचीला १२.६ ने गुणून वर्गमूळ काढले की मिनिटाची वाफ मिळते. मंद, मध्यम व तीव्र अशा तीन आचांवर स्थिरांक काढून पाहावा. तिन्ही वेळा तो जवळपास सारखा आला तर साधन विश्वसनीय आहे. फार वेगळा आल्यास कोठेतरी वाफ गळते आहे किंवा चकती नीट बसलेली नाही. सरतेशेवटी फळीवर १०, १५, २०, २५ ग्रॅमच्या खुणा रंगाने कराव्यात, म्हणजे परिचारकाला गणित करावे लागत नाही.

उकळण्यातील उसळ्यांमुळे पातळी खालीवर हलत राहते. तिचा मध्य वाचावा. नळी, चकती किंवा नरसाळे बदलले की पुन्हा अंशांकन करावे. महाबळेश्वरसारख्या उंचावरील गावी पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते व वाफ विरळ असते. तेथील वैद्यांनी किनाऱ्यावरील स्थिरांक वापरू नये.

वाचनाचा अर्थ

मापकाचा खरा उपयोग आकड्यांपेक्षाही त्यांतील बदल ओळखण्यात आहे. परिचारकाने पुढील चार अवस्था पाठच कराव्यात.

पातळी हळूहळू उतरते : सिलिंडर संपत आला आहे, किंवा पात्राचा तळ कोरडा पडू लागला आहे. आच बंद करून, पात्र निवाल्यावर पाणी पाहावे.

आच चालू असताना पातळी एकाएकी शून्यावर येते : पाणी पूर्ण आटले आहे, किंवा पात्राचे वाफेचे तोंड आतून बुजले आहे. ही सर्वांत गंभीर खूण होय. नळीतून वाफ येत नाही म्हणून आच वाढविण्याचा मोह येथेच होतो आणि अपघातही येथेच संभवतो. तात्काळ आच बंद करावी, रुग्णास दूर करावे, पात्र निवेपर्यंत झाकणास हात लावू नये.

पातळी एकाएकी चढते : रुग्णाकडे जाणारी नळी दुमडली आहे, किंवा नरसाळ्याच्या जाळीत काही अडकले आहे. आच बंद करून मगच नळी पाहावी.

पातळी जोराने उड्या मारते : पात्रात फेस चढून क्वाथ वाफेबरोबर नळीत येत आहे. पाणी कमी भरावे आणि आच उतरवावी.

दुसऱ्या व चौथ्या अवस्थेचे मूळ बहुधा एकच असते. निर्गुंडी, एरंड, रुई यांची पाने किंवा दशमुळांची भरड पात्रात सुटी टाकली की ती उकळीबरोबर वर येऊन तोंडात बसते. यास्तव सर्व द्रव्ये मलमलीच्या सैल पुरचुंडीत बांधूनच टाकावीत आणि पात्र निम्म्याहून अधिक भरू नये.

ओली वाफ ओळखणे

वाफेबरोबर नळीतून येणारे उकळते थेंब त्वचेवर ठिपक्यांसारखे फोड आणतात. वाफ कितपत ओली आहे हे पाहण्यासाठी नरसाळे काढून नळीचे टोक चार लिटर थंड पाण्यात बोटभर बुडवावे. पाण्याचे वजन १०० ग्रॅमने वाढेपर्यंत वाफ सोडावी आणि मग तापमान पाहावे. आरंभी पाणी २८ अंशांवर असल्यास आणि वाफ कोरडी असल्यास तापमान सुमारे ४३ अंशांवर जाते. त्या शंभरांत २० ग्रॅम नुसते गरम पाणी असेल, तर ते ४० अंशांच्या थोडे पुढेच थांबते. म्हणजे दोन-तीन अंशांची तूट दिसली की एक पंचमांश पाणीच येत आहे असे समजावे. नळीचा सखल भाग काढून टाकणे, नळीवर कापड गुंडाळणे आणि पहिली दोन मिनिटे वाफ बादलीत सोडून मगच रुग्णाकडे वळविणे, या तीन उपायांनी बराच फरक पडतो. आच बंद करण्यापूर्वी टोक पाण्यातून बाहेर काढावे. अन्यथा निवणारे पात्र बादलीतील पाणी आत ओढून घेते.

औषधनिर्माणशाळेतील क्वाथपात्र

फार्मसीधारकांना वरील यू नळीचा थेट उपयोग नाही, कारण क्वाथ उघड्या पात्रात करावयाचा असतो. परंतु वाफेचा हिशेब त्यांनाही तितकाच उपयुक्त आहे. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात क्वाथासाठी सोळापट पाणी व अष्टमांश अवशेष सांगितला आहे. एक किलो भरडीस १६ लिटर पाणी घेतले, तर १४ लिटरची वाफ करावी लागते. मिनिटाला २० ग्रॅम दराने यास साडेअकरा तासांहून अधिक काळ लागेल. पाणी तापविणे धरून सुमारे ८७०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो घरगुती गॅसमधून साधारण ११००० किलोकॅलरी मिळतात. त्यांपैकी साठ टक्के पात्रास पोहोचतात असे धरल्यास, एका किलो भरडीमागे सुमारे १.३ किलो गॅस खर्च होतो. आठपट पाणी व चतुर्थांश अवशेष ठेवल्यास तोच खर्च अर्ध्याहून खाली येतो. कोणत्या द्रव्यास कोणते प्रमाण घ्यावे हे शास्त्राने व पाककल्पाने ठरवायचे, इंधनाने नव्हे. तथापि किंमत ठरविताना हा आकडा समोर असावा.

आटण्याचा दर पाहण्यासाठी सरळ भिंतींच्या पात्रात खुणांची स्टीलची पट्टी पुरते. पात्राचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे सव्वा लिटर पाणी. गोल बुडाच्या कढईत हे प्रमाण लागू होत नाही. तिच्यात मोजून पाणी ओतून खुणा कराव्यात. भरड जागा व्यापते, म्हणून खुणा भरडीसह कराव्यात आणि अंतिम माप गाळल्यानंतरच घ्यावे. दर अर्ध्या तासाची पातळी घाणवहीत लिहिल्यास दोन घाणांतील क्वाथ वेगळा का झाला, हे पुढे शोधता येते. शेड्यूल टी अन्वये २००० साली लागू झालेल्या व २००३ साली सुधारलेल्या उत्तम निर्मितीपद्धतीच्या नियमांत अशा नोंदींना महत्त्व आहे. तपासणीच्या वेळी त्या उपयोगी पडतात, पण त्यांचा पहिला लाभ निर्मात्यालाच होतो. ज्यांच्याकडे बॉयलरची वाफ व दुहेरी भिंतींची पात्रे आहेत, त्यांनी त्या वाफेस हे घरगुती साधन कदापि जोडू नये. बॉयलरचा विषय कायद्याच्या कक्षेतील असून १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

दक्षता

कुकर वापरणाऱ्यांनी झाकणास नवे छिद्र पाडू नये आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नये. टी केवळ शिट्टीच्या जागी बसवावी. चकतीचे छिद्र सहा मिलिमीटरहून लहान करू नये. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी अनेकदा मचूळ असते. त्याचे क्षार छिद्राच्या कडेस जमून वाचन खोटे वाढवितात, म्हणून शक्यतो गोडे पाणी वापरावे आणि चकती आठवड्यातून एकदा लिंबाच्या रसाने साफ करावी. खाऱ्या हवेत पितळेवर हिरवा कळंक चढतो. टी महिन्यातून एकदा उघडून पुसावी. यूचे उघडे टोक रुग्णाकडे वा परिचारकाकडे वळलेले नसावे.

उपसंहार

रुग्णपत्रिकेवर यापुढे चार गोष्टी लिहाव्यात, अशी आमची वैद्यबंधूंना व भगिनींना विनंती आहे : मिनिटाची वाफ, तोंडाचे त्वचेपासून अंतर, काळ, आणि सम्यक् स्विन्न लक्षणे किती मिनिटांनी दिसली. शीतोपरम, शूलोपरम, स्तंभ व गौरव यांचा निग्रह, मार्दव आणि स्वेदप्रादुर्भाव या लक्षणांवरच स्वेदन थांबविण्याचा निर्णय घ्यायचा आहे. मापक तो निर्णय देत नाही. परंतु एका रुग्णास मिनिटाला १५ ग्रॅम वाफेने, हातभर अंतरावरून, आठ मिनिटांत लक्षणे दिसली अशी नोंद असेल, तर पुढल्या खेपेस परिचारक बदलला तरी स्वेदन बदलणार नाही. पालघरच्या वैद्याचा अनुभव पुण्याच्या वैद्यास पडताळून पाहता येईल. आणि ज्या रुग्णास चटका कळतच नाही, त्याच्याकरिता कोणीतरी दुसरे लक्ष ठेवून असेल.